यथाशक्ती सेवा : आगाशी ते कोसबाड

जिनेश्वर भगवंत वीतराग आहेत. त्यांना आपल्याकडून काही हवे नाही आणि स्तुतीने प्रसन्न होऊन ते कोणाला काही देतही नाहीत. जैन दर्शनाचा हा पाया लहानपणीच पाठशाळेत शिकविला जातो. तरीही देवदर्शन, पूजा, दान, तप आणि संघसेवा यांना श्रावकाच्या जीवनात अग्रस्थान आहे. ज्याला काही नको त्याची सेवा कशी करावयाची, असा प्रश्न यातून साहजिकच निर्माण होतो. आपल्या आचार्यांनी त्याचे उत्तर फार सोप्या शब्दांत देऊन ठेवले आहे. आपल्यापाशी जे सामर्थ्य आहे ते धर्माच्या कामी स्वेच्छेने लावणे हीच परमात्म्याची खरी भक्ती होय. तिचा लाभ भगवंताला नव्हे, तर करणाऱ्याच्या आत्म्याला आणि त्याच्या आधाराने जगणाऱ्या जीवांना होतो.

तीर्थंकर नामकर्माच्या बंधाची कारणे सांगताना तत्त्वार्थसूत्रात त्याग आणि तप यांच्या मागे 'शक्तितः' हा शब्द योजिला आहे. दिगंबर परंपरेत सोळा कारणभावना आणि श्वेतांबर परंपरेत वीसस्थानक या नावाने या गोष्टींची आराधना होते. 'शक्तितः' या शब्दाला दोन बाजू आहेत. शक्ती नसताना देखाव्यासाठी काही करू नये, ही पहिली बाजू. शक्ती असताना ती लपवू नये, ही दुसरी. पहिली बाजू आपल्या सोयीची असल्यामुळे सर्वांच्या लक्षात राहते. दुसरीचा मात्र विसर पडतो. म्हणूनच पंचाचारात ज्ञानाचार, दर्शनाचार, चारित्राचार आणि तपाचार यांच्या जोडीला पाचवा वीर्याचार सांगितला आहे. अंगी असलेले बळ धर्मकार्यात न लपविणे हा वीर्याचार, आणि ते लपविणे हा अतिचार. प्रतिक्रमणात त्याची आलोचना करावी लागते.

पुणिया श्रावकाची कथा प्रत्येक जैन घरात माहीत आहे. कापसाच्या पुण्या करून तो आपली रोजची जेमतेम कमाई करीत असे. तेवढ्यात दोन माणसांचेच पोट भरे. तरी घरी रोज एका साधर्मिकास जेवू घालावे, असा पती-पत्नीचा नियम होता. त्यासाठी एक दिवस तो उपवास करी, तर दुसऱ्या दिवशी ती. मगधाधिपती श्रेणिकाला आपले सारे राज्य देऊनही या पुणियाच्या एका सामायिकाचे मोल चुकविता आले नाही. बलभद्र मुनी, सुतार आणि हरिण यांच्या कथेतही हेच तत्त्व आहे. मुनींनी तप केले, सुताराने आहार दिला आणि हरिणापाशी देण्यासारखे काही नसल्याने त्याने केवळ अनुमोदना केली. गती मात्र तिघांना सारखीच मिळाली. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींना आपल्या धर्मात स्थान आहे.

या कथा प्राचीन आहेत. परंतु हेच तत्त्व गेल्या दोनशे वर्षांत आपल्या मुलखात कसे आचरले गेले, याचा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे. त्यातील पहिले पान पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, आगाशी येथे उघडते.

आगाशीचे मंदिर आणि मोतीशा शेठ

विरारजवळील आगाशी येथे श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय आहे. डहाणू परिसरातील अनेक कुटुंबे तेथे दर्शनास जातात. जवळचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. श्रीपाळ-मयणेच्या चरित्रातही सोपाऱ्याचे नाव येते. आगाशीचे हे जिनालय मुंबईचे सुप्रसिद्ध शेठ मोतीशा यांनी उभारले. समुद्रात संकटात सापडलेले त्यांचे जहाज या किनाऱ्यावर सुखरूप लागले आणि त्या भावनेतून त्यांनी येथे मंदिर बांधविले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील तपशिलाचा भाग सोडला, तरी जहाजांचा मालक असलेल्या एका व्यापाऱ्याने समुद्रकाठच्या एका गावात आपली श्रद्धा दगडात कोरून ठेवली, हे आजही डोळ्यांनी पाहता येते.

मोतीशा म्हणजे मोतीचंद अमीचंद. त्यांचा जन्म इ. स. १७८२ मध्ये झाला. ते ओसवाल ज्ञातीतील नाहटा गोत्राचे, आणि घराणे मूळचे खंभातचे. वडिलांच्या काळात कुटुंब मुंबईस आले. मुंबई त्या वेळी आजच्यासारखे महानगर नव्हते. कोट, बंदर आणि भोवतालची वस्ती एवढाच तिचा विस्तार होता. वाडियांसारख्या पारशी जहाजमालकांची दलाली करीत हे घराणे पुढे आले. मोतीशांनी स्वतःची जहाजे बाळगली, चीनपर्यंत व्यापार नेला आणि जमशेटजी जीजीभाई यांच्याशी भागीदारी केली. त्याच भागीदारीत महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान व्यापारीही होते. जैन, पारशी आणि मुसलमान यांनी एकमेकांच्या शब्दावर लाखोंचा माल समुद्रापार पाठवावा, इतका विश्वास त्या काळच्या पेढ्यांमध्ये होता.

भायखळ्याच्या आपल्या जागेत मोतीशांनी श्री आदिनाथ भगवंतांचे मंदिर बांधविले. त्याची प्रतिष्ठा सन १८२८ मध्ये झाली. रेल्वे त्या वेळी नव्हती. मुंबईहून पालिताण्यास जावयाचे तर गलबताने अथवा बैलगाडीने दिवसेंदिवस प्रवास करावा लागे. वृद्ध, आजारी आणि गरीब यांना ते शक्य नव्हते. अशा भाविकांना शत्रुंजयाच्या मूलनायकांचे स्मरण मुंबईतच करता यावे, हा या मंदिराचा मोठा उपयोग झाला. कार्तिकी आणि चैत्री पौर्णिमेस तेथे जाण्याची प्रथा आजही चालू आहे. आपल्याला यात्रा घडते, इतरांना घडत नाही, हे ध्यानात घेऊन केलेली ही व्यवस्था होती.

मुक्या जीवांसाठी लागा

मोतीशांच्या कार्यातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबई पांजरापोळीचे आहे. त्या काळी मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी नियम होता. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या ठरावीक महिन्यांत कुत्री मारली जात आणि मारणाऱ्यास प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने घरापुढची, पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली. जून १८३२ मध्ये याविरुद्ध मुंबईत मोठा उद्रेक झाला. त्यात पारशी समाज अग्रभागी होता आणि अन्य समाजांची दुकानेही बंद राहिली. लष्कर बोलावून शांतता प्रस्थापित करावी लागली व अनेकांना शिक्षा झाल्या.

दंग्याने रोष व्यक्त झाला, पण मुक्या जीवांचा प्रश्न सुटला नाही. कुत्री मारू नका म्हणावयाचे, तर त्यांना ठेवावयाचे कोठे आणि खाऊ घालावयाचे कोणी, याचे उत्तर देणे भाग होते. ते व्यापाऱ्यांनी दिले. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. तिची भुलेश्वर येथील जागा मुंबईकरांना सुपरिचित आहे.

या संस्थेच्या खर्चाची जी तरतूद झाली, ती विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. एका शेठची एकदाच मिळालेली मोठी रक्कम कालांतराने संपते. म्हणून कापूस, साखर, अफू इत्यादी मालाच्या उलाढालीवर ठरावीक लागा व्यापाऱ्यांनी स्वखुशीने बसवून घेतला. हा कर सरकारने लादलेला नव्हता. कोणी वसुलीस येणार नव्हते. आपल्याच वहीत आपल्याच हाताने रक्कम नावे टाकून ती पांजरापोळीच्या खाती जमा करावयाची होती. मोठ्याचा व्यापार मोठा म्हणून त्याचा लागा मोठा, लहानाचा लहान. 'शक्तितः' या शब्दाचा व्यापारी भाषेत याहून नेमका अर्थ करता येणार नाही. अभयदानाला असा हिशेबाचा भक्कम पाया मिळाल्यामुळेच ही संस्था आजतागायत चालू आहे.

कुंतासरची खीण आणि पुत्राची जबाबदारी

श्री शत्रुंजय गिरिराजावर दोन शिखरांच्या मध्ये कुंतासर नावाची खोल खीण होती. ती भरून काढून तिच्यावर टूंक बांधण्याचा संकल्प मोतीशांनी केला. खाली दरी, वर डोंगर, आणि दगड, माती, पाणी सारे माणसांनी वाहून न्यावयाचे. या कामी केवळ दोरखंडांवरच ऐंशी हजार रुपये खर्च झाले, असे परंपरेने सांगितले जाते. आकडा कसाही असो, ज्यांनी पालिताण्याची यात्रा केली आहे आणि मोतीशाच्या टूंकेत उभे राहून खाली पाहिले आहे, त्यांना त्या कामाच्या प्रचंडतेची कल्पना येते.

काम पूर्ण होत आले आणि सन १८३६ मध्ये, ऐन पर्युषण पर्वात, मोतीशांनी देह ठेवला. ज्या प्रतिष्ठेसाठी त्यांनी एवढे द्रव्य आणि आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, ती त्यांना पाहता आली नाही. पुढील वर्षी, सन १८३७ मध्ये, त्यांचे पुत्र खीमचंद यांनी मुंबईहून मोठा संघ नेऊन प्रतिष्ठा महोत्सव संपन्न केला.

मोतीशांचे नाव सर्वांना माहीत आहे. खीमचंदांचे नाव फारसे कोणी घेत नाही. वास्तविक सेवेच्या इतिहासात दोघांचेही स्थान समान आहे. पित्यापाशी कर्तृत्व होते, त्याने आरंभ केला. पुत्रावर जबाबदारी आली, त्याने ती नाकारली नाही. वडिलांनी अंगावर घेतलेले काम मुलाने आपले मानावे, यासाठी स्वतंत्र पुण्याई लागते. संस्थांच्या बाबतीतही असेच घडते. स्थापना करणाऱ्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीने जबाबदारी उचलली नाही, तर त्या संगमरवरावर धूळ साचावयास वेळ लागत नाही.

द्रव्य कसे मिळाले, हाही प्रश्न

इतिहास लिहिताना केवळ गौरव करून थांबणे योग्य नाही. मोतीशांच्या काळी मुंबईहून चीनला जाणाऱ्या मालात कापसाच्या बरोबरीने अफूही असे. त्या काळच्या मुंबईतील बहुतेक सर्व मोठ्या पेढ्यांचा, आणि खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचा, त्या व्यापाराशी संबंध होता. मोतीशांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. तत्कालीन कायद्याने येथे तो व्यापार निषिद्ध नव्हता. परंतु त्या अफूने चीनमधील असंख्य कुटुंबे देशोधडीस लागली, हे सत्य झाकता येत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी श्रावकासाठी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांत विषवाणिज्याचा स्पष्ट समावेश आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण दिले आहेत. त्यांतील पहिलाच गुण न्यायसंपन्न विभव हा आहे. दान, पूजा, यात्रा हे सर्व त्यानंतर. म्हणजे देण्याच्या आधी मिळविण्याचा प्रश्न येतो. दानाने धन शोभते, परंतु धनाचा मार्ग दानाने शुद्ध होतो असे शास्त्र म्हणत नाही. मोतीशांच्या दातृत्वापुढे नतमस्तक व्हावे आणि त्यांच्या काळाच्या मर्यादेतून बोधही घ्यावा, हीच इतिहासाची खरी अनुमोदना ठरेल. आज व्यापार करणाऱ्या श्रावकाला माप, भाव, वजन, कामगाराचा मोबदला आणि सरकारी भरणा यांतही परमात्म्याची सेवा करता येते. ती सेवा दुकानाच्या गादीवर सुरू होते.

धन किती अस्थिर आहे, याचा धडाही मुंबईनेच दिला. सुरतेचे प्रेमचंद रायचंद हे कापूस आणि शेअर बाजारातील अग्रगण्य जैन व्यापारी. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला व मुंबईत शेअर्सचे वेड पसरले. त्या भरभराटीत त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावाने घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी शिष्यवृत्तीसाठी मोठी रक्कम दिली. जुलै १८६५ मध्ये बाजार कोसळला, पेढ्या आणि बँका बुडाल्या, प्रेमचंदांची संपत्तीही ओसरली. जे हातात ठेवले ते गेले आणि जे देऊन टाकले ते राहिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे. कलकत्त्याची ती शिष्यवृत्ती पुढे आशुतोष मुखर्जी आणि जदुनाथ सरकार यांच्यासारख्या विद्वानांनी मिळविली.

माणिकचंदांची कन्या मगनबाई

ज्याच्यापाशी धन आहे त्याने धन द्यावे, हे समजण्यास सोपे आहे. ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याने काय द्यावे? या प्रश्नाचे उत्तर एका श्राविकेच्या जीवनात मिळते.

शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचा जन्म १८५१ मध्ये सुरतेत झाला. घरची स्थिती बेताची होती. मोती पारखण्याचे आणि ओवण्याचे काम करीत बंधूंच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत जवाहिराची पेढी उभी केली. दिगंबर जैन समाजात आधुनिक शिक्षणाचा प्रसार करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. खेड्यातून शहरात शिकण्यास आलेल्या जैन मुलाला शुद्ध आहार आणि राहण्याची जागा मिळत नाही, म्हणून तो शिक्षण सोडून परततो, हे त्यांनी ओळखले. मुंबई, कोल्हापूर, अहमदाबाद अशा अनेक ठिकाणच्या जैन बोर्डिंगांना त्यांचा हात लागला. मुंबईची हिराबाग धर्मशाळा ही त्यांच्याच दातृत्वाची खूण होय.

त्यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पदरी एक लहान मुलगी होती. विधवेने कोपऱ्यात बसून आयुष्य कंठावे, अशी त्या काळची रूढी. समाजातील प्रतिष्ठित शेठने रूढीविरुद्ध जाणे सोपे नव्हते. तरी माणिकचंदांनी मुलीला शिकविले. तिच्यासाठी संस्कृत आणि धर्मग्रंथांच्या अध्ययनाची सोय केली. मगनबाईंनी त्या विद्येला केवळ स्वतःच्या समाधानाचे साधन मानले नाही. आपल्यासारख्याच दुर्दैवाच्या आघाताने निराधार झालेल्या स्त्रियांना एकत्र आणून त्यांनी श्राविकाश्रम उभा केला. ललिताबाई आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांची कन्या कंकुबाई यांची त्यांना साथ लाभली. आश्रमात धर्मशिक्षण मिळे, लेखन-वाचन शिकविले जाई आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची कला दिली जाई. १९३० मध्ये मगनबाईंचे निधन झाले. त्यांच्या प्रेरणेने शिकलेल्या स्त्रिया पुढे ठिकठिकाणी शिक्षिका झाल्या.

मगनबाईंचे दान म्हणजे त्यांचे दुःख होते. ते त्यांनी लपविले नाही, वायाही जाऊ दिले नाही. ज्ञान हे असे द्रव्य आहे की ते दिल्याने घटत नाही. आणि ज्याला दुःखाची ओळख आहे त्याच्या हातून दिले गेलेले ज्ञान घेणाऱ्याला लाजवीत नाही.

लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र

कोल्हापूरच्या ज्या जैन बोर्डिंगला माणिकचंदांचे साहाय्य झाले, त्याच बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक जैन विद्यार्थी राहत होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला हा मुलगा अभ्यासात फार पुढे नव्हता, पण अन्याय सहन न करण्याचा त्याचा स्वभाव होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने नकार दिला. परिणामी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे हाच विद्यार्थी कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झाला. जैन समाजाने हा प्रसंग अभिमानाने आणि अंतर्मुख होऊन, दोन्ही रीतींनी, आठवावयास हवा. जातीचा मद हा आठ मदांपैकी पहिल्या प्रतीचा मद आहे, आणि भगवान महावीरांच्या समवसरणात सर्व जीवांना स्थान होते.

भाऊरावांपाशी पेढी नव्हती. शिकवण्या, मग ओगल्यांच्या काचकारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री, असे उद्योग त्यांनी केले. विक्रीसाठी गावोगाव हिंडताना शेतकऱ्याचे अज्ञान, कर्ज आणि दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. फिरता विक्रेता मालाला गिऱ्हाईक शोधतो. भाऊरावांना त्या फिरतीत आपले जीवितकार्य सापडले. कऱ्हाडजवळील काले येथे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात श्री छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी तेथे भेट दिली.

या कार्यातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. बोर्डिंगात धान्य संपले, मुले उपाशी राहण्याची वेळ आली आणि भाऊराव गावी नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सुखवस्तू जैन घरातून आलेल्या, सोवळे पाळणाऱ्या. त्यांचे बहुतेक दागिने याआधीच मुलांच्या पोटासाठी गेले होते. उरलेले मंगळसूत्रही त्यांनी विकावयास काढले. सौभाग्याचे लेणे गेले, पण मुले जेवली. १९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांनी संस्था स्थापन केली नाही, भाषणे केली नाहीत. निरनिराळ्या जातींच्या मुलांना आईच्या मायेने सांभाळण्यासाठी त्यांनी आपल्या संस्कारांची चौकट आपल्या हातांनी रुंद केली. आहारदानाचा असा आदर्श प्राचीन कथांमध्येही क्वचितच आढळेल. पुणिया श्रावकाच्या पत्नीची पंगत त्यांनी पुढे चालविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेच्या वटवृक्षाखाली शिकलेल्यांची आज गणती करणे कठीण आहे.

कोसबाडची टेकडी

सेवेचा मक्ता कोणत्याही एका धर्माकडे नाही. गुणानुराग हा श्रावकाचा गुण आहे. जेथे गुण दिसेल तेथे प्रमोद भावना ठेवावी, हीच शिकवण आहे. म्हणून हा इतिहास डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीचा उल्लेख केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. शहरातील बालमंदिरे पाहिल्यावर खेड्यातील आणि आदिवासी पाड्यांवरील मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्या बोर्डी येथे आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. पुढे हे कार्य कोसबाड येथे स्थिरावले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे लग्न बालवयात झाले होते व काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. त्यांनी शिक्षण घेतले, पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी केली आणि मग ती स्थिर नोकरी सोडून त्या आपल्या तालुक्यात आल्या.

वारली पाड्यांवरील मुले शाळेत येईनात. कोणी गुरे राखी, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी. मुले शाळेत येत नाहीत असे म्हणून या दोघी थांबल्या नाहीत. त्यांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्याच्या अंगणात बालवाडी भरू लागली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणावर शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, शंख-शिंपले आणि खडे आले. १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द साऱ्या देशात गेला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ मध्ये व अनुताई १९९२ मध्ये निवर्तल्या.

मगनबाई आणि अनुताई यांची भेट झाली नव्हती. एक जव्हेऱ्याची कन्या, दुसरी सामान्य मध्यमवर्गीय घरातील. परंतु दोघींनी आपल्या वाट्याला आलेल्या वैधव्याचे जे केले ते एकच होते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने

या सर्व चरित्रांतून काही गोष्टी ठळकपणे पुढे येतात. मोतीशांनी जहाजे आणि द्रव्य लावले, खीमचंदांनी वारशाने आलेली जबाबदारी पार पाडली. मगनबाईंनी दुःखातून मिळालेली विद्या दिली, भाऊरावांनी फिरतीचा अनुभव, लक्ष्मीबाईंनी आपले लेणे, आणि ताराबाई-अनुताईंनी आपले अध्यापन. कोणीही दुसऱ्याच्या शक्तीचे अनुकरण केले नाही. प्रत्येकाने आपल्यापाशी काय आहे हे ओळखले आणि ते लपविले नाही. कोणाच्याही मागे सक्ती नव्हती. सक्तीने भरलेला कर पावतीपुरता असतो. स्वेच्छेने लावलेली शक्ती मात्र पुढच्या पिढ्यांना पुरते.

छोट्या गावातील संघात सेवा म्हणजे चढाव्याची बोली, असा समज हळूहळू रूढ होतो. बोलीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तिच्यामुळे जिनालये उभी राहतात व देवद्रव्याची वृद्धी होते. परंतु ज्याला बोली बोलता येत नाही तो मागच्या रांगेत बसून राहिला आणि आपल्यापाशी देण्यासारखे काही नाही असे समजू लागला, तर संघाची मोठी शक्ती वाया जाते. सात क्षेत्रांत जिनबिंब, जिनमंदिर आणि जिनागम यांच्यासोबतच साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका हीही क्षेत्रे आहेत. ज्याला हिशेब येतो त्याने संस्थेची वही चोख ठेवावी. शिक्षिकेने पाठशाळेत आठवड्यातून दोन तास द्यावेत. डॉक्टरने एक दिवस गरजूंना मोफत तपासावे. विहारात आलेल्या साधु-साध्वींची वैयावच्च करण्यासाठी तरुणांनी पहाटे उठून चालावे. ज्या गृहिणीचा स्वयंपाक चांगला आहे तिने आयंबिल खात्यात हात लावावा. वृद्धांनी आपली अनुमोदना मोकळेपणाने द्यावी आणि नव्या पिढीच्या हाती वेळेवर कारभार सोपवावा. या प्रत्येक कामात जिनभक्तीच आहे.

मसोलीसारख्या गावात सर्व समाज परस्परांच्या आधाराने राहतात. समुद्र, चिकूच्या वाड्या, बाजारपेठ आणि पाडे यांचा येथे एकमेकांशी रोजचा संबंध आहे. त्यामुळे आपल्या सेवेचा प्रकाश उपाश्रयाच्या भिंतीपुरता राहू नये. अनुकंपा आणि जीवदया यांना कुंपण नसते. आगाशीच्या किनाऱ्यावर एका व्यापाऱ्याने आपली श्रद्धा उभी केली, कोसबाडच्या टेकडीवर दोन शिक्षिकांनी आपले आयुष्य लावले, आणि मसोली या दोन्ही स्थळांच्या एकाच जिल्ह्यात वसले आहे.

पन्नास वर्षे हा संस्थेच्या जीवनातील मोठा टप्पा आहे. या काळात ज्यांनी तन, मन व धन लावले त्या सर्वांची अनुमोदना करणे हे पहिले कर्तव्य. पुढील पन्नास वर्षांची जबाबदारी खीमचंदांप्रमाणे आपली मानणे हे दुसरे. वीर्याचाराचे पालन करीत प्रत्येक श्रावक-श्राविकेने आपली शक्ती ओळखावी व ती जिनशासनाच्या चरणी स्वेच्छेने अर्पण करावी, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंगल कामना.

जैनं जयति शासनम्.